ओब्दुलियाची करवत

आमच्या कोबारेहो गावात ओब्दुलियाचं नाव काढलं की समोरचा माणूस तोंडानं काही बोलत नाही. उजव्या हाताची मूठ वळतो, हात मागे-पुढे करतो, लाकूड कापल्यासारखा, आणि हसतो. ओब्दुलियाला जाऊन अकरा वर्षं झाली. ज्यांनी तिला पाहिलंसुद्धा नाही तेही आता हात हलवतात. उन्हाळ्यात बिल्बाओहून सुट्टीला येणाऱ्या सुना आल्या आल्या हेच शिकतात: ओढ्याचं पाणी पिऊ नये, निकासियोच्या कुत्र्यापासून लांब राहावं, आणि चर्चमधल्या मातेच्या मूर्तीच्या मांडीवरल्या बाळाचे हात ओब्दुलियानं करवतीनं कापले.

तिनं कापले नाहीत. मी या गावात शाळा चालवली, मुलं संपली तेव्हा शाळा बंद झाली, आणि मी इथंच राहिले. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं. जे झालं ते लिहून टाकते. कुणाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही; बरं वाटण्यासारखं यात फारसं काही नाहीच.

आधी चर्चबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिथंच घडलं. आमचं चर्च आठशे वर्षांपूर्वीचं आहे असं शिकलेले लोक म्हणतात. शिकलेली मीही आहे, वायादोलिदला कॉलेजात चार वर्षं काढली, पण माझ्या गावचं चर्च बघायला जर्मनीहून माणसं येतील असं तिथं मला कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या दृष्टीनं ती एक थंड, अंधारी, ओल आलेली जागा. भिंती इतक्या जाड की ऑगस्टमध्ये आत शाल लागते. खिडक्या म्हणजे फटी. पूर्वेकडच्या अर्धगोल भिंतीत एक फट आहे, तिच्यातून सकाळी उन्हाची एक उभी रेघ आत येते आणि घटकाभरात जाते. बाकी दिवसभर मेणबत्त्या. वर घंटेची भिंत, तिच्यात दोन कमानी, एकीत घंटा आणि दुसरीत करकोच्याचं घरटं. दक्षिणेला भिंतीला चिकटून दफनभूमी, खाली ओढा, पॉपलरची रांग, मळणीचं खळं. दरीच्या तोंडाशी कोळशाची खाण होती. ती बंद पडली आणि तरुण माणसं गेली. चर्च राहिलं. ते कुठं जाणार.

बाहेर वळचणीखाली ओळीनं कोरलेली दगडी चित्रं आहेत. एक सारंगीवाला, एक पिंप खांद्यावर घेतलेला दारुडा, एक डुक्कर, आणि एक बाई जी झगा वर करून बसली आहे. अगदी कमरेपर्यंत. कोणत्या गवंड्यानं कोणत्या बाईवर राग धरून ती कोरली कोण जाणे. तिच्याखालून आम्ही सगळ्या मुली पांढरे कपडे घालून पहिल्या कम्युनियनला, पहिला पवित्र प्रसाद घ्यायला, आत गेलो आणि कुणालाच काही वाटलं नाही. जे रोज दिसतं त्याचं काही वाटत नाही.

आत मात्र आमची देवमाता होती, आणि ती कुणालाच दिसत नव्हती.

अक्रोडाची माता म्हणतात तिला. ओढ्याकाठच्या अक्रोडाच्या ढोलीत कुणा गुराख्याला सापडली म्हणे. या दरीतल्या प्रत्येक मातेची हीच गोष्ट आहे, फक्त झाड बदलतं. हातभर उंचीची लाकडी मूर्ती. पण आम्ही पाहिला होता तो झगा. घंटेसारखा पसरलेला ताठ झगा, वर काळपट चेहरा, चांदीचा मुकुट, आणि झग्याच्या चिरेतून बाहेर डोकावणारं बाळाचं लिंबाएवढं तोंड. झग्याच्या आत काय आहे हे एकाच बाईला माहीत असायचं. तिला कामारेरा म्हणत, मातेची दासी. वर्षातून चार वेळा ती चर्चचं दार आतून लावून मातेचे कपडे बदलायची. पुरुषांनी आत थांबायचं नाही, पाद्रीनंसुद्धा नाही. टाचण्या द्यायला एक मुलगी असायची, ती पाठ करून उभी राही आणि हात मागे करून टाचणी देई. मीही एका वर्षी ती मुलगी होते. मी वळून पाहिलं नाही. पाहिलं तर आंधळेपण येतं असं सांगितलं होतं, आणि मी तेव्हा नऊ वर्षांची होते.

कामारेरा बिनलग्नाची लागे. आणि मातेचे झगे व्हायचे ते नववधूंच्या कपड्यांचे. गावात नवी नवरी आली की वर्षभरानं आपला लग्नाचा पोशाख चर्चला द्यायची, आणि कामारेरा तो उसवून, कापून मातेला शिवायची. म्हणजे गावातल्या प्रत्येक बाईचं लग्न एकदा ना एकदा मातेच्या अंगावर यायचं. फक्त शिवणारीचं यायचं नाही.

ओब्दुलियाची आत्या, सातुरिया, कामारेरा होती. ओब्दुलियाची आई लवकर गेली, बाप लाकडी जोडे करायचा. चिखलात घालायचे, खाली तीन खुंट्या असलेले, आमच्याकडे घातल्याशिवाय गोठ्यात जाताच येत नाही असे. पोरगी आत्यानं सांभाळली आणि ती चौदा वर्षांची झाल्यावर आत्यानं तिला आपल्यानंतरची म्हणून दाराच्या आत घेतलं. तेव्हा ओब्दुलियानं पहिल्यांदा मातेला उघडी पाहिली.

हे मला तिनं पुढं कितीतरी वर्षांनी, लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं तेव्हा सांगितलं, तेही अर्धंमुर्धं. झग्याखाली बसलेली बाई होती. आम्हा सगळ्यांना माता उभी आहे असंच वाटायचं. बसलेली बाई, पण गुडघे नव्हते. कुणीतरी ते सपाट कापून टाकले होते. मांडीवरल्या बाळाचे दोन्ही हात खांद्यापासून कापलेले, एक पाऊल गेलेलं. मातेच्या डोक्यात मुकुटासाठी खिळा ठोकलेला. ओब्दुलिया रडायला लागली तशी सातुरियानं तिच्या थोबाडीत दिली. म्हणाली, "तिला काय झालंय ते तिचं ती बघेल. तू टाचण्या धर." मग तिथंच तिला शपथ घ्यायला लावली: इथं पाहिलं ते बाहेर बोलायचं नाही, पाद्रीजवळ नाही, मरताना नाही. प्रत्येक कामारेरानं ही शपथ घेतलेली. त्यामुळे मातेची मोडतोड कधी झाली हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि मोडतोड झाली आहे हेसुद्धा एका वेळी एका, फार तर दोन बायकांनाच ठाऊक होतं.

निकासियोनं तिला मागणी घातली तेव्हा आम्ही वीस-एकवीस वर्षांचे होतो. रुबाबदार होता, बोलघेवडा होता, त्याची दोन घोडी होती. ओब्दुलियाला तो आवडायचा. मला माहीत आहे, कारण तो खळ्यावर असला की ती ओढ्यावर जायला लांबचा रस्ता घ्यायची. पण सातुरियाचे डोळे गेले होते, आणि दुसरी कुणी तयार केलेली नव्हती. ती नाही म्हणाली. निकासियो दोन वर्षं थांबला, मग त्यानं लेओन्सियाशी लग्न केलं. लेओन्सियाचा पोशाख सॅटिनचा होता, बिल्बाओच्या दुकानातला. वर्षभरानं तो चर्चला आला आणि ओब्दुलियानं तो उसवून मातेला झगा शिवला. लेओन्सिया प्रत्येक सणाला सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची, "माझं सॅटिन अजून कसं चमकतंय बघा. ओब्दुलियाचा हात चांगला आहे हो, दुसऱ्याच्या कपड्यावर."

ओब्दुलिया ऐकून घ्यायची. मूर्खपणा होता तो. मी तिला तसं सांगितलंही होतं.

अशी तीसेक वर्षं गेली. चर्चची किल्ली तिच्याकडे, झग्यांची पेटी तिच्याकडे. मग दरीतल्या चर्चमधून चोऱ्या व्हायला लागल्या. एका गावातून मूर्ती गेली, दुसरीकडे बाप्तिस्म्याचं अख्खं दगडी कुंड उचलून नेलं. लहानशा गाडीतून सात गावांना पुरा पडणारा आमचा पाद्री बेलार्मिनो एका रविवारी मिस्सेनंतर, चर्चमधल्या उपासनेनंतर, म्हणाला की बिशपच्या कचेरीतून निरोप आहे, जुन्या मूर्ती शहरातल्या संग्रहालयात आणून ठेवा, तिथं साफसफाईही करून देतील.

बैठक नेहमीसारखी चर्चच्या पडवीत भरली. पुरुष दगडी बाकावर, बायका मागे उभ्या. निकासियो तेव्हा सरपंच होता. मी तिथं होते म्हणून सांगते: एकाही माणसानं विरोध केला नाही. पुढं सगळे म्हणाले की आम्ही नाहीच म्हणत होतो.

"दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे," निकासियो म्हणाला. "आजारी माणसाला आपण शहरातल्या दवाखान्यात नेतोच ना?"

"माता आजारी नाही," ओब्दुलिया मागून म्हणाली.

"आणि चोर आले तर तू काय करशील गं? टाचण्या टोचशील त्यांना?"

सगळे हसले. ओब्दुलिया हसणं संपेपर्यंत थांबली आणि म्हणाली की मी स्वतः घेऊन जाईन, झग्यासकट, आणि कपडे काढायचे तर ते मीच काढीन. पाद्रीनं मान डोलावली. त्याला जेवायची घाई होती.

तिनं मातेला लेओन्सियाचं सॅटिन घातलं, कारण ते सगळ्यात चांगलं होतं, आणि गाडीत मांडीवर घेऊन बसली. वळणावळणाचा रस्ता, पाद्री गाडी कशीही हाकायचा, पण तिनं रस्ताभर एक हातही सोडला नाही. संग्रहालयात बेगोन्या नावाची एक तरुण बाई होती, जुन्या लाकडाची कामं करणारी. चांगली मुलगी. तिनं ओब्दुलियाचं ऐकून घेतलं, पुरुषांना बाहेर घालवलं आणि म्हणाली, "काढा तुम्हीच, मावशी. मी नंतर बघते."

ओब्दुलियानं झगा काढला. बेगोन्यानं कापलेल्या जागेवरून बोट फिरवलं. मग तिनं विचारलं, "हे असं आहे हे गावात माहीत आहे?"

"नाही," ओब्दुलिया म्हणाली. "आणि कळायचं कारणही नाही."

बेगोन्यानं त्यावर काही वचन दिलं नाही. ओब्दुलियाला ते वचन दिल्यासारखंच वाटलं. ती संध्याकाळच्या बसनं घरी आली, मांडीवर घडी केलेला झगा घेऊन.

दोन महिने झाले, चार झाले. सप्टेंबरचा सण आला आणि माता आली नाही. पालखीवर एक चौकटीतला फोटो ठेवून मिरवणूक काढली, पालखीवाले हलकी पालखी हलवत चालले आणि बारमध्ये येऊन नेहमीच्या दुप्पट प्याले. लोक ओब्दुलियाला विचारायला लागले, "कुठं ठेवून आलीस आमची माता?" जसं काही ती बसमध्ये छत्री विसरून आली होती. ती दर महिन्याला पाद्रीला विचारायची, पाद्री म्हणायचा, होतंय, होतंय.

हिवाळ्याच्या तोंडावर संग्रहालयात प्रदर्शनाचं उद्घाटन होतं. निकासियोनं बस केली, बायकांनी ऑम्लेटं आणि पाव बांधून घेतले, अख्खं गाव निघालं. ओब्दुलिया आली नाही. म्हणाली, "परक्या लोकांसमोर तिला उघडी बसवलेली मला बघायची नाही." मी म्हटलं, तुला कसं माहीत उघडी बसवलीय? ती म्हणाली, "झगे माझ्या पेटीत आहेत. दुसरं काय घालणार तिला?"

मी गेले. काचेच्या पेटीत, खालून दिवा सोडलेली, आमची माता बसली होती. आपण इतकी वर्षं काय बघत होतो असं मला वाटलं, कारण ती सुंदर होती. मोठे उघडे डोळे, आठशे वर्षांचा लाल-निळा रंग कुठं कुठं टिकलेला. आणि गुडघ्यांच्या जागी दोन सपाट कापलेल्या जागा. आणि बाळ, हात नसलेलं, कुणाच्या तरी कुशीत शिरू बघणारं.

खाली पाटीवर लिहिलं होतं की कपडे घालता यावेत म्हणून मूर्ती करवतीनं कापण्यात आली. कधी, ते लिहिलं नव्हतं. लेओन्सिया काचेला नाक लावून बघत होती. तिनं वळून विचारलं, "कुणी केलं हे?" तिचा आवाज खरंच कापत होता, ते मी नाकारत नाही. मग सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि एकेकाच्या तोंडावर मला ते उमटताना दिसलं. मातेजवळ गेली होती ती कोण? दार लावून घेत होती ती कोण? लाकूड कापायची हत्यारं कुणाच्या घरी आहेत?

बस गावात परतेपर्यंत खटला संपला होता. मागच्या बाकावर कुणाला आठवलं की एका हिवाळ्यात ओब्दुलियानं शेगडीत काहीतरी लहान लहान तुकडे जाळले होते. लेओन्सिया म्हणाली, "माझं सॅटिन नीट बसत नव्हतं ना पहिल्या वर्षी. दुसऱ्या वर्षी एकदम कसं बसलं? बिनलग्नाची ती, तिला मूल म्हणजे काय कळतंय. हात मध्ये आले, कापून टाकले." मी उठून म्हटलं की हा निव्वळ गाढवपणा आहे, असल्या मूर्ती जगभर तपासून बघतात, त्या बेगोन्याला विचारा. निकासियो पुढच्या बाकावरून म्हणाला, "बाई, तुम्ही शाळेत शिकवा." शाळा तेव्हा बंद होऊन दोन वर्षं झाली होती.

बसमधून उतरले ते सरळ तिच्या दारात. ती घेवडा सोलत होती. मी धावत मागोमाग गेले, पण मला पुढं होऊ दिलं नाही.

"बाळाचे हात का कापलेस?" निकासियोनं विचारलं.

ओब्दुलियानं त्याच्याकडे पाहिलं. तिला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि तिनं तोंड उघडलं, आणि परत मिटलं. मी ते पाहिलं. तिला एवढंच म्हणायचं होतं की मी पाहिलं तेव्हापासून ती तशीच आहे. पण ते म्हणजे तिथं काय पाहिलं ते बाहेर बोलणं.

"मी काही बोलणार नाही," ती म्हणाली.

झालं. एवढं पुरे होतं. कुणी गोठ्यामागच्या खोपटातून तिच्या बापाची करवत आणली, लाकडी जोड्यांची, बारीक दातांची. निकासियोनं ती पुरावा म्हणून नेली. कसला पुरावा आणि कुणापुढं मांडायचा, हे त्यालाही माहीत नव्हतं. ती बारमध्ये बाटल्यांच्या वर खिळ्याला टांगली. चर्चची किल्ली आणि झग्यांची पेटी लेओन्सियाकडे गेली.

त्या वर्षी डुकरं कापायची वेळ आली. आमच्याकडे रिवाज आहे: ज्याच्या घरी डुक्कर कापतात तो शेजारच्या घरांत ताटली पाठवतो, थोडं मांस, रक्त भरून केलेलं एक सॉसेज, वर फडकं. भांडण असलेल्या घरीही जाते. माझ्या ओट्यावर त्या डिसेंबरात सहा ताटल्या आल्या. ओब्दुलियाकडे एकही गेली नाही. मी माझ्यातली एक घेऊन गेले, तर म्हणाली, "ही तुला आलेली आहे. मला आलेली नाही."

मी तिच्यावर चिडले. मला असली माणसं सहन होत नाहीत. मी तिला म्हटलं, "अगं तोंड उघड. शपथ आहे म्हणतेस, ती कुणाला दिलीस? सातुरियाला. सातुरिया मेली."

"म्हणूनच तर," ती म्हणाली. "जिवंत असती तर जाऊन विचारलं असतं, मोडू का म्हणून."

"आणि गाव तुला पापी म्हणतंय त्याचं काय?"

"ते कापलंस का असं विचारत नाहीत, कासिल्दा. का कापलंस असं विचारतात. त्याला काय उत्तर द्यायचं?"

मी दुसऱ्या दिवशी शहराची बस धरली.

बेगोन्याला हे सगळं ऐकून धक्का बसला. ती म्हणाली की कापलेल्या जागांवरसुद्धा जुना रंग आहे. दोनशे वर्षांपूर्वीचा तरी, जास्तच असेल. म्हणजे आधी कापलं, मग रंगवलं. ओब्दुलियाचा बापही तेव्हा जन्माला आला नव्हता, आजाही नाही. पाटीवर तारीख घालायचं राहून गेलं होतं, कारण नेमकी तारीख त्यांना ठरवता येत नव्हती. तिनं पाटी बदलायचं कबूल केलं आणि वर म्हणाली, मी स्वतः येऊन सांगते. मातेची नक्कल तयार होतेय गावासाठी, ती घेऊन उन्हाळ्यात येणारच आहे. मूळ माता परत मिळणार नाही हे तिनं मला त्याच वाक्यात, जाता जाता सांगितलं. तिला वाटलं आम्हाला माहीत असेल.

ऑगस्टच्या शेवटी ती आली. पडवीत तशीच बैठक भरली, आणि या वेळी बिल्बाओची माणसंही सुट्टीला आलेली, त्यामुळे गर्दी होती. बेगोन्यानं सगळं शांतपणे, सोप्या शब्दांत सांगितलं. दोनशे वर्षं. रंग. कुणाही जिवंत माणसाचा यात हात नाही.

मी त्यांची तोंडं बघत होते. मला वाटलं आता कुणीतरी उठेल आणि ओब्दुलियाच्या घराकडे चालायला लागेल. घर तिथून दिसतं, दार उघडं होतं.

निकासियो खाकरला. म्हणाला, "मग तिनं तसं सांगायचं होतं ना. आम्हाला कसं कळणार?"

दोघातिघांनी मान हलवली. बरोबर आहे, सांगायचं होतं.

लेओन्सिया थोडा विचार करून म्हणाली, "आणि दोनशे वर्षांपूर्वी कामारेरा कोण होती? यांच्याच घरातली असणार कुणीतरी. आत्याकडून भाचीकडे चालत आलंय ते."

झालं, ओब्दुलिया सुटली आणि तिचं घराणं अडकलं. बेगोन्यानं माझ्याकडे पाहिलं. मी काय करणार होते? मी त्यातल्या अर्ध्यांना लिहायला वाचायला शिकवलं होतं. ओब्दुलियाकडे कुणी गेलं नाही. किल्ली परत गेली नाही. करवत बारमध्येच राहिली. उतरवायची कशी आणि कुणी, हा प्रश्न होता.

मग नक्कल उघडली. कसल्याशा रसायनाची, पण रंग हुबेहूब. आणि तिथंच घोटाळा झाला. संग्रहालयातल्या लोकांना वाटलं गावाला आनंद होईल, म्हणून त्यांनी नक्कल आठशे वर्षांपूर्वी मूर्ती जशी असेल तशी केली होती, अख्खी. मातेला दोन भक्कम गुडघे. बाळाला दोन्ही हात, एक आशीर्वादासाठी वर केलेला, दुसऱ्यात पृथ्वीचा गोळा. दोन पावलं. बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. हात आले, बाळाला हात आले, असं म्हणत एकीनं त्या हाताचा मुका घेतला.

सण दोन दिवसांवर. लेओन्सियानं दार लावून घेतलं आणि पेटी उघडली. तासाभरानं दार उघडून तिनं आणखी दोघींना आत घेतलं, आणखी तासाभरानं मलाही बोलावलं. एकही झगा बसत नव्हता. गुडघ्यांवर चढून तो पुढून वर व्हायचा, मातेची पावलं आणि पोटऱ्या उघड्या पडायच्या; बाळाचा वर केलेला हात चिरेतून येण्याऐवजी कापड आतून तंबूसारखं उचलून धरायचा. सॅटिनला एक फाट पडली होती. माता तशी झगा वर सरकलेली बसली होती आणि मला बाहेर वळचणीखालची ती दगडी बाई आठवली. मी हसले. लेओन्सियानं मला बाहेर जायला सांगितलं.

झग्याशिवाय मिरवणूक काढा, मी पडवीत म्हटलं. इतकी सुंदर आहे, बघू द्या लोकांना. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जसं काही मीच झगा वर केला आहे.

संध्याकाळी निकासियो ओब्दुलियाकडे गेला. मी तिच्याकडे बसले होते. तो टोपी हातात घेऊन उंबऱ्याच्या बाहेरच उभा राहिला. इतक्या महिन्यांत त्यानं तिला नावानं हाक मारली नव्हती.

"ओब्दुलिया," तो म्हणाला, "गुडघे मध्ये येतायत."

ती शिवण शिवत होती. मान वर केली नाही.

"आणि बाळाचा उजवा हात. फार नाही, थोडंसंच काढावं लागेल. लेओन्सियाला नाही जमत. तुला माहीत आहे कुठून..." तो अडखळला. "म्हणजे, आधीची कशी होती ते तुलाच माहीत. किती काढायचं ते."

मी त्याला काही बोलणार होते. ओब्दुलियानं हात वर केला. दोरा तोडला. मग म्हणाली, "करवत तुझ्याकडे आहे, निकासियो. बाटल्यांच्या वर. घे आणि काप."

"तसं म्हणू नकोस."

"दात बारीक आहेत. हळू चालव. बाबा म्हणायचे घाई केली की खुंटी मोडते."

मला वाटतं त्याला आणखी काहीतरी म्हणायचं होतं, कदाचित तीस वर्षांपूर्वीचं काही. पण तो टोपी घालून गेला. ओब्दुलियानं सुईत दुसरा दोरा ओवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, भर उजेडात, निकासियोनं बारमधून करवत उतरवली, गावाच्या रस्त्यानं हातात धरून चर्चमध्ये नेली आणि दार लावून घेतलं. आत तो, त्याचा मेहुणा आणि लेओन्सिया. पुरुषांनी आत थांबायचं नाही हा नियम कुणाला आठवलाही नाही. आम्ही बाहेर ऐकत होतो. लाकूड कापताना वेगळा आवाज येतो. हे रसायन किंचाळत होतं. करकोचा घरट्यातून उडून गेला. बराच वेळ चाललं ते. मग निकासियो बाहेर आला, कोटाच्या बाह्यांवर, भुवयांवर पांढरी भुकटी. पडवीत सगळं गाव होतं. कुणी विचारलं, झालं? तो म्हणाला, झालं.

सणाला झगा छान बसला. सॅटिनची फाट मागच्या बाजूला घेतली होती. पालखी निघाली, आणि ओब्दुलियाच्या घराखाली आल्यावर पालखीवाले थांबले. कामारेराच्या घरासमोर पालखी थांबते, खांद्यांना ती सवय होती. डोकी खाली घालून ते उभे राहिले, कुणी "चला" म्हणेना. वर खिडकीत ओब्दुलिया होती. तिनं एकदा पाहिलं, आधी मातेकडे, मग खाली पालखीच्या दांड्याला लागलेल्या निकासियोकडे, आणि खिडकीची झडप ओढून घेतली.

त्यानंतर ती चोवीस वर्षं जगली. चर्चमध्ये कधी गेली नाही. मिस्सेला खालच्या गावात चालत जायची. शहरातल्या संग्रहालयातही गेली नाही. मेली तेव्हा मातीला मी, पाद्रीची जागा घेतलेला एक घाईतला तरुण, आणि चार माणसं. घंटा मी सांगून वाजवून घेतली.

करवत परत बारमध्ये टांगली, आणि अजून आहे. पर्यटक विचारतात ही कशाची, बारवाला सांगतो. आता चर्चच्या दारापाशी पाटी आहे, दोनशे वर्षं आणि रंग सगळं तिच्यात लिहिलं आहे. ती वाचून माणसं आत जातात, आणि लेओन्सियाची सून दहा युरो घेऊन त्यांना झगा थोडा बाजूला सारून दाखवते: हे बघा गुडघे, हे बघा हात. नक्कल आहे, रसायनाची. कापलेल्या जागेवर रंग नाही, आतला पांढरा भाग दिसतो. कुणी विचारतं, हे कुणी केलं?

आणि ती हात मागे-पुढे करते आणि हसते आणि म्हणते, ओब्दुलियानं.

निकासियो म्हातारा झाला आहे, पडवीतल्या बाकावर उन्हात बसलेला असतो. हे त्याला ऐकू जातं. कान चांगले आहेत त्याचे.